बदली

मास्तरलोकांच्या तोंडी 'बदली' हा शब्द आला की समजावं, आता तासभर दुसरं काही कानावर पडणार नाही. कोण कुठं फेकलं गेलं, कुणी कुणाचे पाय धरून घराजवळची शाळा मिळवली, कुणाच्या सासूचं दुखणं ऐन याद्यांच्या तोंडावर कसं उपटलं. त्या वर्षी माझी बदली डोंगराकडे होणार अशी पुडी कुणीतरी सोडली होती. मी संघरत्ना मॅडम, भिवंडीत जन्मलेली, भिवंडीतच दिलेली, राहनाळच्या शाळेत घट्ट मुरलेली. त्या पुडीनं मी इतकी पेटले होते की वर्गात कुणाच्या हातून खडू पडला तरी माझा पारा चढायचा.

अशाच एका सकाळी मी हजेरी घेताना 'स्नेहा मुकणे' असं पुकारलं. दुसरीतली ती पोर उठून उभी राहिली आणि खाली बघत पुटपुटली, "बदली हाय, बाई."

म्हणजे आता दुसरीची पोरंसुद्धा माझ्या बदलीची चर्चा करणार! मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, नाव घेतलं की हजर म्हणायचं आणि गप बसायचं, असं ठणकावलं. पोर शहाणी होती. दुसऱ्या दिवसापासून इतरांसारखं 'हजर' म्हणायला लागली, आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

आमची शाळा गोदामांच्या पाठीमागे आहे. पुढून पाहिलं तर शाळा दिसतच नाही, गोदामांच्या पत्र्याच्या भिंतीच दिसतात. वाट कंटेनरची, धूळ कंटेनरची आणि दिवसभराचा हॉर्नही कंटेनरचाच. स्नेहाचे आईबाप, देवकी आणि सावळ्या, डोंगराकडचे आदिवासी. पाऊस संपला की तिकडं हाताला काम राहत नाही, म्हणून एका मोठ्या गोदामात माल उचलायला आले आणि तिथल्याच चाळीत एका खोलीत राहिले. स्नेहाला त्यांनी स्वतःहून शाळेत आणून घातलं होतं, याचं मला भारी कौतुक होतं. नाहीतर आम्हाला पोरं शोधत चाळी पालथ्या घालाव्या लागतात.

पण ही पोर मला उमगत नव्हती. एक दिवस दोनचा पाढा धडाधड म्हणायची, दुसऱ्या दिवशी 'दोन दुणे' विचारलं तर नुसती बघत राहायची. एक दिवस मैदानभर उंडारायची, दुसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला भिंतीला टेकून उकिडवी बसून राहायची. खिचडीचंही तसंच. सगळ्या पोरांना भूक असते, पण हिची भूक वेगळी होती. कालपासून पोटात काही नसल्यासारखी जेवायची आणि ताट चाटूनपुसून परत द्यायची. मी आमच्या मुख्याध्यापकांना, धम्मपाल सरांना, म्हणायची की या पोरीच्या अंगात दोन पोरी आहेत, एक हुशार आणि एक ठोंब्या. सर हसायचे. मीही हसायचे. माझा विनोद मलाच फार आवडला होता, स्टाफरूममध्ये तो मी कितीदा तरी सांगितला असेल.

मग शाळेत पोरं तपासायला सरकारी डॉक्टरांचं पथक आलं. दात बघा, डोळे बघा, नखं बघा, असा सगळा गोंधळ. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं स्नेहाच्या छातीला नळी लावली आणि काढलीच नाही. मला म्हणाली, जरा सगळ्यांना गप्प करा. मी वर्गावर डोळे वटारले. तिनं पुन्हा ऐकलं, पाठीकडूनही ऐकलं, मग पोरीची बोटं हातात घेऊन नखं पाहिली. नखं निळसर होती. मला इतके दिवस वाटत होतं, रंगाच्या खडूचे डाग असतील.

बाजूला घेऊन तिनं मला सांगितलं की हृदयात वेगळा आवाज येतोय, बहुतेक जन्मापासून छिद्र असावं. मोठ्या रुग्णालयात मशीनवर बघावं लागेल. ऑपरेशन लागलं तर सरकार करतं, गाडीही येऊन नेते, फक्त उशीर करू नका. अशी पोरं पळता पळता मधेच उकिडवी बसतात, ते आळसानं नाही, त्यांना तसं बसल्यावर बरं वाटतं, असंही ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी मुकण्यांच्या खोलीवर गेले. दारात पोर बसली होती, मांडीवर धाकट्या भावाला, दिनेशला, घेऊन. दिवेलागणीची वेळ होती, आत उजेड नव्हता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले. सावळ्याच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलेलं होतं. काय झालं विचारलं तर म्हणाला, कामावर लागलं, आता बरं हाय.

मी देवकीला समजावलं. स्नेहाच्या छातीत दोष निघालाय, मंगळवारी गाडी येईल, स्नेहाला घेऊन जायचं आहे, घाबरू नका, सगळं फुकट होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कंचीच्या? स्नेहाच्याच ना?"

"स्नेहाच्याच. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं का मी?"

"न्हाय, स्नेहा तर धडधाकट हाय. म्हनून इचारलं."

मला याचा राग येतो. आपल्या पोराला काही झालंय हे आईबापांना कधी पटत नाही. मी जरा आवाज चढवून म्हणाले की डॉक्टरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. निघताना दारातली पोर माझ्याकडे बघून हसली.

मंगळवारी गाडी आली. सोबत मी गेले, कारण देवकीची पाळी बदलून मिळाली नाही. स्नेहाला आईनं तेल लावून चापून भांग पाडला होता. गणवेश धुतलेला होता. गाडीत खिडकीशी बसायला मिळालं म्हणून ती फुलून गेली होती. रुग्णालयाची लिफ्ट बंद होती, तर माझ्यापुढं टणाटण जिने चढून वर जाऊन उभी राहिली. मी धापा टाकत मागून. तेव्हाच माझ्या मनात आलं की हिला छिद्र, की मला?

मशीनवर पाहिलं. हृदय अगदी ठणठणीत. तिथले डॉक्टर म्हणाले की शाळेत गोंगाट असतो, ऐकण्यात चूक होते. त्यांनी कागदावर 'निर्दोष' असा शेरा मारला आणि तिचं नाव यादीतून काढलं. मला इतका आनंद झाला की परतताना मी पोरीला वडापाव खाऊ घातला. तिनं अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मी म्हणाले, खा गं, घरी नेऊन गार होईल. ती म्हणाली, रूपाला. मी विचारलं, रूपा कोण? ती म्हणाली, बहीन. असेल एखादी चाळीतली, मला वाटलं. पोरं सगळ्यांनाच बहीण म्हणतात.

शाळेत येऊन मी पेढे वाटले. त्या तरुण डॉक्टरणीची थोडी टिंगलही केली.

त्यानंतर महिना उलटला असेल. वर्गात वाचन चाललं होतं. स्नेहा उभी राहून धडा वाचत होती, तिचा हुशारीचा दिवस होता. बाहेर कुठल्याशा कंटेनरचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. एक अक्षर ऐकू येईना. माझी सटकली. स्नेहाला म्हटलं, वाचत राहा, मी त्याच्याकडे बघून येते. आणि तावातावानं फाटकाबाहेर गेले.

कंटेनर रस्त्यात उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, ये बच्ची उठती ही नहीं. बीच रास्ते में बैठ गयी है."

चाकांच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध, एक पोर उकिडवी बसली होती. गुडघे छातीशी घट्ट धरलेले. बाजूला धुळीत दिनेश रडत होता. पोरीचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते आणि ती तोंड उघडं टाकून श्वास ओढत होती.

ती स्नेहा होती.

मी मागं वळून पाहिलं. वर्गाची खिडकी तिथून दिसते. खिडकीत स्नेहा उभी होती, पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून वाचत होती. मी पुन्हा समोर पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं, आपलं डोकं फिरलं. असलं भूतप्रेत आमच्या घरात कधी कुणी मानलं नाही, पण त्या क्षणी मला भरदिवसा घाम फुटला.

मी तिला उचलली. एवढी हलकी की हातात काही आलंच नाही असं वाटलं. ड्रायव्हरनं दिनेशला घेतलं. फाटकाच्या आत, सावलीत, तिला मांडीवर तशीच गुडघे दुमडून धरली. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. मी विचारलं, "तू कोण?"

"रूपा."

"आणि वर्गात कोण आहे?"

"स्नेहा. आज तिची पाळी हाय."

"मग तू शाळेत येतेस ती?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दुसरीतली पोर आहे. "मी बदली, बाई. मी सांगितलं व्हतं तुमाला."

तो शब्द मी कुठं पहिल्यांदा ऐकला होता, ते मला तिथं फाटकापाशी आठवलं. माझे बाबा यंत्रमागावर, लूमवर, होते. त्यांना कायमचा लूम मिळायला कितीतरी वर्षं गेली, तोवर ते बदली म्हणून जायचे. कुणी गावी गेला, कुणी आजारी पडला, की त्याच्या नावावर, त्याच्या लूमवर बाबा उभे राहायचे. आमच्या घरात सकाळी आई विचारायची, आज बदली मिळाली का? मिळाली की चूल पेटायची. त्या बदलीच्या भाकरीवर मी वाढले, शिकले, मास्तरीण झाले. आणि वर्गात एक पोर मला सांगत होती की आज मी बदली आहे, तर मला माझी ट्रान्सफर ऐकू आली!

धम्मपाल सर धावत आले. मागून स्नेहा आली, बहिणीला बघून माझ्या मांडीपाशी येऊन बसली. दोघी शेजारी शेजारी पाहिल्या तेव्हा कळलं की चेहरे काही अगदी एकसारखे नाहीत. कापलेले केस एकसारखे, अंगकाठी एकसारखी. गणवेशाचा फ्रॉकही एकच होता, आळीपाळीनं घालायचा, म्हणून रूपा घरातल्या जुन्या शर्टात होती. मी विचारलं, मोठी कोण? स्नेहा मोठी, दोन वर्षांनी. दोन वर्षांनी मोठी पोर धाकटीएवढीच राहिली होती. खायलाच नसलं तर पोर वाढणार कशानं? मी रोज बघत होते आणि मला एकच पोर दिसत होती.

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि विचारायची भीती वाटत होती. "रूपा, डॉक्टरबाईंनी नळी लावली तेव्हा शाळेत कोण होतं?"

"मी."

"मग मी घरी आले, मंगळवारी गाडी आली, तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी बदली व्हते ना. बदलीनं केलेलं नावावर जातं. माझ्यात निघालं ते स्नेहाचं झालं." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, तिनं समजावलं, "आनी बदलीला गाडी नसते, बाई."

धम्मपाल सरांनी तोंड फिरवलं. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडू तेच कळेना.

देवकीला बोलवायला सर गोदामाच्या गेटवर गेले. पाळी सुटल्याशिवाय सोडत नाही म्हणाला तिथला माणूस. सरांसारखा मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी गेटवर असा आवाज लावला की देवकी बाहेर आली. तिला मी काय काय बोलले ते आता सांगत नाही. पोरीचं आयुष्य धोक्यात घातलंत, शाळेला फसवलंत, असं बरंच. ती मग म्हणाली की फसवलं कुठं? पोरीला सांगूनच धाडलं व्हतं, बाईला सांग मी बदली हाय म्हणून. दिनेशला सांभाळायला एक घरी पाहिजेच. दोघींची नावं घातली आणि रोज एक गैरहजर राहिली, तर नाव कापतील. गोदामात दोन खाडे झाले की हजेरीचं टोकन जातं, तसंच शाळेत असणार. म्हणून एका नावावर दोघी. एक दिवस ही शिकेल, जेवेल. एक दिवस ती शिकेल, जेवेल. दोघींच्या पोटात एक दिवसाआड तरी गरम अन्न जाईल.

"मी कुनावर अन्याव न्हाय केला, बाई," ती म्हणाली. "पाळी कदी चुकवली न्हाय."

सावळ्याच्या बोटाचं तेव्हा कळलं. तो गोदू नावाच्या गाववाल्याच्या टोकनवर बदली गेला होता, तेव्हा पेटी पडून बोट चेंगरलं. मुकादम म्हणाला, टोकन गोदूचं, दवाखाना मिळाला तर गोदूला मिळेल, आणि गोदूचं बोट तर शाबूत आहे. त्या दिवसापासून या घरानं एक नियम पक्का केला. जे काही मिळायचं ते नावाला मिळतं, माणसाला नाही. म्हणून मी स्नेहाचं नाव घेतल्यावर देवकीनं पुन्हा विचारून खात्री केली होती, आणि मी तिला डॉक्टरांचा मान राखायला शिकवलं होतं.

त्या गोदामात मी एकदा आत जाऊन आलेय. साबणाच्या वडीलासुद्धा तिथं स्वतःचा नंबर आणि स्वतःचा खण आहे. ती खणात ठेवणाऱ्या बाईच्या तान्ह्याला टेकवायला मात्र हातभर जागा नाही. एक पाळणाघर असतं तर या दोन पोरींना एक नाव वाटून घ्यावं लागलं नसतं. हे मी तेव्हा धम्मपाल सरांना म्हणाले आणि आता येईल त्या साहेबाला म्हणते. दिनेश सध्या माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीपाशी गोधडीवर असतो. वर्गात तान्हं मूल चालतं का, असं एका साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, न चालवून काय होतं ते ऐकायला वेळ आहे का? त्यांना वेळ नव्हता.

रूपाला आम्ही त्याच दिवशी रिक्षात घालून रुग्णालयात नेलं. देवकी, मी आणि दोघी पोरी; दिनेश सरांकडे राहिला. नोंदणीच्या खिडकीवर बाईनं नाव विचारलं. देवकी चटकन म्हणाली, "स्नेहा." बाईनं मशीनवर बघितलं आणि म्हणाली, ही तर निर्दोष आहे, हिचं काम संपलंय, पुढचा नंबर. देवकीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या हिशेबानं तिनं पोरीला घरातली सगळ्यात मोलाची वस्तू, ते नाव, दिली होती, आणि खिडकीनं ती परत केली होती.

मी तिला बाजूला केलं आणि खिडकीत डोकं घालून म्हणाले, "रूपा. रूपा सावळ्या मुकणे. नवीन नाव लिहा." जन्माचा दाखला नाही, आधार नाही, काही नाही. बाई कुरकुरली. मी म्हणाले, दाखला मी आणून देते, आधी पोर बघा, तिचे ओठ बघा. तिनं मान वर करून बघितलं आणि मग काही विचारलं नाही.

मशीनवर छिद्र दिसलं. जिन्यांवरून पळणाऱ्या पोरीला निर्दोष ठरवणारेच डॉक्टर होते. ते म्हणाले, महिन्यापूर्वी आली असती तर बरं झालं असतं, आता असे निळं पडायचे झटके येऊ लागलेत. वजन फार कमी आहे, एवढ्या वजनाच्या पोरीला भूल द्यायची म्हणजे जोखीम. पण थांबण्यात त्याहून मोठी जोखीम. दोन दिवस ठेवून घेऊ, ताकद भरू आणि करू.

ऑपरेशनच्या सकाळी मी रजा टाकून, दिनेशला सरांच्या हवाली करून गेले. सावळ्या भिंतीला टेकून उभा होता, अर्ध्या बोटाचा हात खिशात. देवकी रूपाच्या खाटेशी. रूपाला हिरवा झगा घातला होता, तो तिला पायांखाली लोळत होता. तिच्या मनगटावर पट्टी होती, त्यावर तिचं नाव लिहिलेलं. ती सारखी ते अक्षर अक्षर वाचत होती. तिला वाचता येत होतं. एक दिवसाआड शिकून तिनं तेवढं कमावलं होतं.

न्यायला माणूस आला तसा तिचा चेहरा उतरला. तिनं आईचा पदर घट्ट धरला आणि बारीक आवाजात रडायला लागली. खाट ढकलत बाहेर आणली तेव्हा स्नेहा दाराशी उभी होती. माझ्या साडीचा काठ ओढून तिनं मला खाली वाकायला लावलं. गणवेश तिनं अंगात घातला होता, धुतलेला. केसांना तेल लावून भांग पाडला होता, त्या मंगळवारसारखाच. मला वाटलं होतं, बहिणीला भेटायला नटून आली असेल.

"बाई," ती माझ्या कानात म्हणाली, "रूपाला भ्या वाटतं. आपरेशनला बदली चालते का? मी तयार होऊन आलेय."

वर्गात मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, त्याचा मला तोरा आहे. मी नुसती मान हलवली. नाही चालत.

स्नेहा खाटेपर्यंत गेली. रूपाच्या मनगटावरच्या पट्टीवर बोट ठेवून तिनं ते नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. "तुझंच हाय," ती म्हणाली. मग माणसानं खाट आत घेतली आणि दार लागलं. आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो.